सातविणीची घळ

शिमगा झाला की आमची वाडी रिकामी व्हायची. होळीच्या दिवसांत अंगणात पाय ठेवायला जागा नसे. मुंबईहून आलेले भाऊ, वहिन्या, त्यांची पोरं, पत्र्याच्या ट्रंका, कुणाचा तरी टेपरेकॉर्डर, पालखी नाचवून नाचवून खांदे सोललेले काका, सगळ्यांचा एकच गलका. मग एका सकाळी सगळे डोंगर उतरून फाट्यावर जायचे आणि तिथून एसटीनं पोलादपूर गाठायचे. मी खिंडीपर्यंत सोडायला जायची. वहिन्या म्हणायच्या, "सगुणा, ये गो मुंबईला." कधी ये, कशी ये, ते कुणी सांगत नसे. खिंडीतून परत आले की ओटीवर विड्यांची थोटकं पडलेली असायची, दांडीवर एखाद्या पोराची चड्डी विसरलेली असायची, आणि घरात मी, आबा आणि गोठ्यातल्या म्हशी. वाडीत घरं बरीच होती, पण चूल दोनच घरांत पेटायची. एक आमची, आणि दुसरी भिकूबाबाची. भिकूबाबा ठार बहिरा. त्याला "जेवलास का?" विचारलं की तो म्हणायचा, "हां, पाऊस येल."

आबा म्हणजे माझे वडील. न बोलण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कुणी नसेल. आई कावीळ होऊन गेली, त्यानंतर तर त्यांनी बोलणं जवळजवळ बंदच केलं. सकाळी उठून गोठा झाडायचे, धारा काढायचे, दूध तापवायला मला द्यायचे आणि कोयता कमरेला अडकवून लाकडाला निघायचे. दुपारी येऊन पाटावर बसायचे. मी नाचणीची भाकरी वाढायची, कुळथाचं पिठलं, थोडी भाजलेली सुकट, वर ताक. "मीठ बराबर हाय का?" मी मुद्दाम विचारायची. ते मान हलवायचे. एकदा मी रागानं पिठल्यात मीठच घातलं नाही. म्हटलं, बघू आता तरी तोंड उघडतात का! त्यांनी हात लांब करून खड्यांचं मीठ घेतलं आणि जेवून उठले. मी चुलीपुढे बसून रडले. माझं वय तेव्हा लग्नाचं झालं होतं, पण लग्न जमवायला घरात बाईमाणूस लागतं आणि ते आमच्याकडे नव्हतं.

घराला आवाज होते, पण ते माणसांचे नव्हते. ताक घुसळताना रवीचा, आढ्यावर उंदरांचा, म्हशींच्या गळ्यातल्या लाकडी घाट्यांचा. काळीची घाटी जड आणि चांदी म्हशीची हलकी, त्यामुळे कुठली म्हैस कुठे चरतेय ते मला न बघता कळायचं. दुपारी वारा पडला की तेही बंद. मग मी एकटीच मोठ्यानं बोलायची. भांड्यांशी भांडायची. "काय मेल्या, कितीदा घासू तुला?" असं मी टोपाला विचारायची. आज मी महाडात राहते, चवदार तळ्यापासून फार लांब नाही. मार्चात तळ्यावर माणसं लोटतात, रस्ते भरून वाहतात, शेजारणी गर्दीच्या नावानं कटकट करतात. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसते. एवढे माणसांचे आवाज एका जागी फुकट ऐकायला मिळतात, आणि यांना त्याची कटकट वाटते, कमाल आहे.

त्या दिवसांत दिवसाकाठी एकच माणूस माझ्याशी बोलायचा आणि तोही दरीच्या पलीकडून. समोरच्या डोंगरावर दुसरी एक वाडी होती. तिथे धोंडूकाका, त्याची बायको पारूकाकी आणि त्यांची सून एवढीच माणसं उरली होती. मुलगा अर्थात मुंबईला. संध्याकाळी ऊन डोंगराच्या माथ्यावर सरकलं की धोंडूकाका कड्यावर उभा राहून कुकारा घालायचा, "हूऽऽऽ!" मी जिथे असेन तिथून "ओऽऽऽ!" द्यायची. तो आमच्याकडचा जुना रिवाज. म्हशींमागे एकटंदुकटं माणूस रानात असतं, पाय घसरतो, पान लागतं. पान लागतं म्हणजे साप चावतो. तेव्हा घरी वळायच्या आधी एका डोंगरानं दुसऱ्याला विचारून घ्यायचं. तिसऱ्या कुकाऱ्यालाही ओ आली नाही, तर हातातलं काम टाकून निघायचं. धोंडूकाकाचा कान असा की नुसत्या 'ओ'वरून तो सांगायचा, "आज टेपावर हायस गो!" टेप म्हणजे टेकाड. नाहीतर, "वढ्यात काय करतेस?" मी ओरडून उत्तर द्यायची, तो ओरडून हसायचा. तो जवळून कसा दिसतो हे मला नीटसं ठाऊक नव्हतं. त्यांच्या वाडीला जायचं तर अख्खी दरी उतरून पुन्हा चढायची. लग्नाकार्याला कधी गेले असेन, तेवढंच.

तर त्या वर्षी शिमग्याची सगळी मंडळी गेली आणि नामादादा मागे राहिला. माझा चुलतभाऊ. भिवंडीकडे कुठल्याशा गोदामात कामाला होता. काम सुटलं की सोडलं, ते त्यानं नीट सांगितलं नाही. त्याची बायको माहेरी गेली होती. "आता थोडा आराम करनार," तो म्हणाला, आणि माझ्या चुलत्याच्या बंद घराचं कुलूप काढून राहू लागला. जेवायला आमच्याकडे. अगं बाई, काय सांगू त्या दिवसांचं! तो पाटावर बसल्यापासून हात धुईपर्यंत बोलायचा. गोदामातला मुकादम कसा चालतो ते करून दाखवायचा, ट्रकवाल्यांचं हिंदी बोलायचा, पिठल्याला "फर्स्ट क्लास" म्हणायचा. आबासुद्धा एकदा हसले. नक्की हसले, मी बघितलं. मी सकाळी उठले की आज जेवायला काय करायचं याचा विचार करायची. करवंदांचं लोणचं घातलं, पहिल्या कोवळ्या फणसाची, म्हणजे कुयरीची, भाजी केली, काळी व्याली तेव्हा खरवस केला. केसांना तेल लावून वेणी घालायला लागले. हे सगळं एका बोलणाऱ्या माणसासाठी, बाकी काही नाही. आमच्यात चुलतभाऊ म्हणजे सख्खा भाऊच, तेव्हा वाचणाऱ्यानं भलतं काही मनात आणू नये.

असे काही आठवडे गेले. एका दुपारी मी म्हशी घेऊन माळावर होते, तिथे तो आला. करवंदीच्या जाळीच्या सावलीला बसला आणि खिशातून कागदाची पुडी काढून उघडली. आत बारीक करडं बी.

"कसलं हाय?" मी विचारलं. "अंबाडीचं?"

"गांजा," तो म्हणाला. अगदी सहज, मेथी म्हणावं तसं.

गांजा मला माहीत नव्हता असं नाही. देवाच्या जत्रेला बैरागी यायचे, ते चिलीम ओढायचे, तो वास नाकात होता. पण ते झाडाला येतं, ते झाड कुणीतरी लावतं, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. नामादादानं सगळं आखून आणलं होतं. तिकडे त्याच्या ओळखीची एक पार्टी होती, ती सगळा माल उचलणार होती. आपण फक्त जागा बघायची. गावापासून लांब, वाटेपासून लांब, बारा महिने पाणी असलेली. "फॉरेस्टच्या हद्दीत पायजे," तो म्हणाला. "आपल्या जमिनीत नाय. उद्या कोनी बघितलं तर सरकारची जमीन, सरकारचं झाड. आपलं नाव कुठंच नाय. एकदम सेफ."

"पोलीस धरून नेतील रे."

"कोन येतंय हितं? तलाठी आलेला बघितलास कधी? डाक्टर? मास्तर? तुझी आय मेली तेव्हा कोन आला? आता पोलीस बरा येल!"

वाडीला आयुष्यभर जे नडलं तेच तो फायद्याचं म्हणून दाखवत होता. मग त्यानं आवाज खाली आणला. "हे बघ सगू. पीक लागलं तर मी हितंच ऱ्हातो. मुंबईत काय ठेवलंय? घर शाकारतो, बायकोला आनतो. पोरं होतील, वाडी भरंल."

आता टीव्हीवर रोज कुठे ना कुठे गांजा पकडल्याची बातमी असते. मी हे घरात सांगितलं तेव्हा माझा नातू म्हणाला, "आजी, तू तर डॉन झाली असतीस!" मी म्हटलं, मुडद्या, मला पैशाचं काही पडलं नव्हतं. त्याला खरं वाटलं नाही. पैसा किती येणार, हे मी नामादादाला विचारलंसुद्धा नाही. मी फक्त "बायकोला आनतो" एवढंच ऐकलं. शेजारच्या घरात एक बाई असेल. ती भांडीबिंडी आपटेल, पोराला धपाटे घालेल, सकाळी माझ्याकडे विरजण मागायला येईल. मी तिच्याशी भांडीन. देवाशप्पथ, मला भांडायला माणूस हवं होतं. त्यापुढे मला तुरुंग लहान वाटला.

तरी मी लगेच हो म्हटलं नाही. "बघूया," म्हटलं. पण जागा मात्र दाखवली, कारण ती मलाच ठाऊक होती. आमच्या माळाच्या खाली डोंगराला एक चीर पडल्यासारखी घळ आहे. तोंडाशी सातविणीचं जुनं झाड, म्हणून सातविणीची घळ. उतार असा की म्हशी तिथे जात नाहीत, आणि म्हशी जात नाहीत तिथे माणूस कशाला जाईल? मी एकदा हरवलेल्या रेडकामागे उतरले होते. आत गेलं की घळ एकदम रुंद होते, मधे अंगणाएवढी सपाटी, वरून उन्हाची मोठी फाक, आणि कपारीतून पाणी. उन्हाळ्यात आमची विहीर तळाला जायची, पण तो झरा चालू. नामादादा आत शिरला आणि कमरेवर हात ठेवून गोल फिरला. "सगू," तो म्हणाला, "देवानं खास बनवलीय गो!" मला उगाचच अभिमान वाटला.

त्यानंतर आम्ही रोज तिथे जाऊ लागलो. बी टाकायचं की नाही, हे मी अजून ठरवलं नव्हतं. नामादादाच्या दृष्टीनं ते कधीच ठरलं होतं. पण मी नाही म्हटलं असतं तर त्याचं चाललं नसतं. त्याला रान येत नव्हतं. कुठल्या वाटेनं उतरायचं, फॉरेस्टचा गार्ड कधी फिरतो, कुठे पाऊल उमटत नाही, हे सगळं माझ्याकडे. म्हणून तो मला रोज विचारायचा, "काय मग, टाकूया ना?" आणि मी म्हणायची, "आधी दगड तर वेचू." दगड वेचायचे दिवस मला लांबवायचे होते. तो दगड उचलायचा आणि बोलायचा, मी ऐकायची. म्हशी वर माळावर सोडलेल्या. ऊन कलायच्या आत मी वर यायची, धोंडूकाकाचा कुकारा आला की माळावरून ओ द्यायची. त्याला काही कळायचं कारण नव्हतं. मी असं इतके दिवस केलं की मला त्यात खोटं काही वाटेनासं झालं.

एक दिवस काम लांबलं. कपारीच्या पायथ्याशी एक मोठा धोंडा रुतला होता, तो दोघांनी पहारीनं हलवायचा होता. जरासा हलला की वाटायचं, आता निघेल. घळीत ऊन लवकर जातं, त्यामुळे वेळ किती झाला ते कळलं नाही. आणि वरून, दरीच्या पलीकडून, कुकारा आला.

मी ओ द्यायला तोंड उघडलं. नामादादानं माझा दंड धरला. "गप!"

"अरे, धोंडूकाका हाय."

"म्हनून तर गप! म्हातारा आवाजावरनं जागा वळखतो ना? घळीत काय करतेस विचारील. उद्या बघायला येल. सगळं बोंबलंल."

त्याचं खरं होतं. मी गप्प बसले. दुसरा कुकारा आला, जरा लांबवलेला. माझ्या घशात ओ येऊन बसली होती. मी नामादादाकडे बघितलं. तो बोट ओठावर ठेवून उभा. मला वाटलं, एक दिवसाचा प्रश्न आहे, उद्या सांगता येईल की झोप लागली होती. बायको आणतो म्हणालाय. तिसरा कुकारा आला तेव्हा मी पदराचा बोळा तोंडात धरला होता. मग सगळं शांत झालं. नामादादा हसला. "झालं. गेला घरी."

हीच आमची चूक. तो मुंबईत राहून विसरला होता, आणि मी त्याच्याकडे बघता बघता विसरले होते, की तिसऱ्या कुकाऱ्यानंतर कुणी घरी जात नाही. त्यात भर म्हणजे माझ्या म्हशी. वेळ झाली तशा त्या आपल्या पायानं घराकडे वळल्या होत्या, आणि समोरच्या कड्यावरून धोंडूकाकाला दिसलं की म्हशी चालल्यात आणि मागे पोर नाही. दरीत आवाज कसा भरतो ते ज्याला ठाऊक आहे त्यालाच कळेल. त्याची हाक आम्हाला शेजारी उभा असल्यासारखी ऐकू आली. ती मला नव्हती, घराला होती. "सगुनी पडली गोऽऽ! दोर घे! कोयता घे! चल लवकर!" मग सून काहीतरी ओरडली. पारूकाकीनं देवाचं नाव घेतलं. आणि थोड्या वेळानं समोरच्या उतारावरून दगड गडगडायला लागले.

"येऊ दे," नामादादा कुजबुजला. "शोधतील आनि जातील."

पण तो उतार मला माहीत होता. तिथे तरणा गडीसुद्धा बसून बसून उतरतो. धोंडूकाकाला दमा होता, कुकारा घालतानाही मधे श्वास तुटायचा. दगड गडगडत होते, मधेच कुणीतरी घसरल्याचा आवाज आला, आणि पारूकाकी कळवळली, "आयायाऽऽ!" तिथे माझा धीर सुटला. मी सातविणीपाशी धावले आणि पोटातून ओरडले, "ओऽऽऽ! काका, मी हाय! मी बरी हाय, येऊ नका!"

नामादादानं मला एक घाण शिवी दिली. मुंबईची होती, मला तिचा अर्थही कळला नाही.

येऊ नका म्हटल्यावर ते थांबतील असं मला वाटलं होतं. पण उशिरा आलेली ओ म्हणजे पडलेल्या माणसाची ओ, असंच आमच्याकडे धरतात. ते ओढा ओलांडून आमच्या बाजूला चढले आणि उजेड होता तोवर घळीत पोचले. पुढे सून, साडीचा काचा मारलेली, खांद्यावर दोर. मागे धोंडूकाका, छाती वरखाली. त्याच्या मागे पारूकाकी, कोपर फुटलेलं, रक्त मनगटापर्यंत आलेलं. नामादादा पहार घेऊन धोंड्यामागे बसला होता. त्याच्या चपला मात्र सपाटीवर तशाच. वेचलेल्या दगडांचा ढीग, उकरलेली लाल माती, सगळं समोर. मी काहीतरी सांगायला लागले. धोंडूकाकानं काही ऐकून घेतलं नाही. तो माझ्यापुढे गुडघ्यावर बसला आणि माझे पाय चाचपू लागला. घोटे, नडग्या, गुडघे. "हितं दुखतंय? हितं? खरं सांग." मग हात. मग त्यानं माझं डोकं दोन्ही हातांत धरून इकडेतिकडे फिरवून बघितलं. कुठेच काही मोडलेलं नाही याची खात्री झाल्यावर तो तिथेच मातीत बसला आणि खोकत राहिला.

पारूकाकीनं माझ्या मुस्काटात मारली. "मेले! मुकी झालीस का?" आणि लगेच मला कवेत घेतलं. तिच्या अंगाला शेणाचा, घामाचा आणि तंबाखूच्या मिश्रीचा वास होता. आई गेल्यापासून मला कुणी असं जवळ घेतलं नव्हतं. हे मला तोपर्यंत जाणवलंसुद्धा नव्हतं. भाऊ येत, वहिन्या येत, पण जवळ घेत नसत. मी तिच्या खांद्यावर ओक्साबोक्शी रडले, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत सुनेला म्हणत होती, "घाबारली गो पोर, घाबारली." माती कुणी उकरली, चपला कुणाच्या, हे त्यांनी विचारलं नाही. निघताना धोंडूकाकानं एकदा त्या सपाटीकडे बघितलं, एकदा धोंड्याकडे, आणि मला म्हणाला, "हितं पाय सरकतो. नगं येऊस." मग ते तिघे पुन्हा दरी उतरून आपला डोंगर चढायला लागले. पारूकाकीचा हात सुनेच्या खांद्यावर होता. ते माळावरून दिसत होते तोवर मी बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी दूध तापवून ओटीवर आले तर नामादादा खुशीत. "म्हातारा काय बोलला नाय. म्हंजे त्याला काय कळलं नाय. आता उद्याच बी टाकू. तू फक्त वर जाऊन ओ देत जा आनि परत खाली ये, सिंपल."

तसं बघितलं तर सोपंच होतं. तसं मी आधीही करत होतेच. पण मी त्याला एक प्रश्न विचारला, जो मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. "पीक उभं ऱ्हाईपर्यंत तू हितंच ना?"

त्यानं मान खाजवली. "म्हंजे मी येऊन जाऊन असनार. पार्टी सांभाळायला लागंल, तिकडं सेटिंग करायला लागंल. मी हितं बसून कसं चालंल? राखायला तू हायस की."

"मी एकटी? त्या घळीत?"

"तुला तर सवयच हाय एकटं ऱ्हायची."

असं तो म्हणाला. वाईट मनानं नाही म्हणाला. उलट कौतुकानं म्हणाला, एखाद्याला पोहता येतं म्हणून म्हणावं तसं. पावसात, धुक्यात, समोरचं दिसत नसताना मी त्या घळीत बसलेली मला दिसले. धोंडूकाका हाक मारतोय आणि मी तोंडात बोळा धरलाय. शेजारच्या घराला कुलूप. आणि बायको? बायको माहेरीच.

"मी नाय," मी म्हटलं. "बी टाकायचं नाय. मी तुला वाट दाखवनार नाय, आनि तू एकटा गेलास तर मी कड्यावर उभी ऱ्हाऊन ओरडून सांगेन."

तो आधी हसला. मग चिडला. मग विनवायला लागला, आणि ते ऐकणं सगळ्यात कठीण गेलं, कारण विनवताना तो पुन्हा मुकादमाची नक्कल करून मला हसवायला बघत होता. मला हसू आलंही. पण मी नाहीच म्हटलं. शेवटी तो म्हणाला, "मग मी कशाला थांबू हितं?" याला उत्तर माझ्याकडे होतं. माझ्यासाठी थांब, असं म्हणता आलं असतं. पण असं कुणाला म्हणतात का? आमच्याकडे तरी नाही म्हणत.

दोन दिवसांनी त्यानं पिशवी भरली. आबा लाकडाला गेले होते. मी त्याला नाचणीचं पीठ, तुपाचा डबा आणि करवंदांचं लोणचं दिलं, आणि त्याची पिशवी जड झाली म्हणून हे सामान दुसऱ्या पिशवीत घालून ती मीच उचलून फाट्यापर्यंत गेले. खिंडीच्या पुढे मी कधी कुणाला सोडायला गेले नव्हते. एसटीला उशीर होता. आम्ही दगडावर बसलो. तो काही बोलला नाही, आणि त्याला गप्प बसलेला बघून मला कसंतरीच झालं. गाडी आली तेव्हा चढता चढता तो म्हणाला, "आबांकडे बघ." गाडीनं वळण घेतलं. मी बराच वेळ तिथेच बसले. डोंगर चढून एका न बोलणाऱ्या घरात परत जायचं माझ्या जिवावर आलं होतं.

आज तिथे चढून जाणारं कुणी नाही. तळीयेला डोंगर खाली आला, त्यानंतर आमच्या भागातल्या वाड्यांत राहिलेली माणसंही भीतीनं सखल भागात आली. धोंडूकाका आणि पारूकाकी त्याच्या कितीतरी आधी गेली. घळीत आता काय असेल देव जाणे. नातू म्हणतो, ड्रोन पाठवून बघूया. मी म्हटलं, नको रे बाबा, राहू दे तिला.

मी घरी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि छपरातून धूर निघत होता. मला वाटलं, काहीतरी पेटलं. धावत आत गेले तर चुलीपुढे आबा. उकिडवे बसलेले, कोपरापर्यंत पिठाचे हात, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुराचं असेल. जन्मात कधी ते चुलीपाशी बसले नव्हते. तव्यावर एक भाकरी होती, एका बाजूनं काळी आणि दुसऱ्या बाजूनं कच्ची. त्यांनी मला दारात बघितलं आणि बघतच राहिले.

"परत का आलीस?" ते म्हणाले.

"गेले कुठं होते? नामादादाला सोडायला गेलेले."

"पिशवी घेऊन गेलेलीस. भिकूबाबानं बघितलं." ते थांबले. एवढं बोलायची सवय नव्हती. "तुमी दोघं रोज कुजबुजत होतात. मला वाटलं, तिकडं बायांना कामं मिळतात. तू पन जानार. म्हटलं, जाऊ दे. हितं काय हाय तिला?"

म्हणजे इतके दिवस ते हेच धरून होते. पाटावर बसून, मान हलवत, आमची बोलणी ऐकत, मी जाणार हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं आणि अडवायचं नाही हेही. मी चुलीजवळ गेले. परातीत बघितलं, ती पुसून ठेवलेली होती.

"एकच केलीत?" मी विचारलं.

"एकाचीच धरली," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसले. भाकऱ्या करणं माझं काम, मी पिठाचा डबा घेणार होते. पण त्यांनी डबा आपल्याकडे ओढला आणि परातीत आणखी एक मूठ टाकली. पाणी फार घातलं. मी बघत होते, आणि मी त्यांना घालू दिलं.